कोल्हापूरला रुजू होण्याआधीच क्षयरोगाने गाठलं: डॉ. आनंदीबाई जोशी

कोल्हापूरकरांच्या सीपीआर हॉस्पिटलचं जुनं नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. १८८६ मध्ये इथल्या स्त्रियांच्या वॉर्डसाठी डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक झाली होती. पण त्या रुजू होऊच शकल्या नाहीत.

जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळरावांशी लग्न झालं. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहा दिवसांतच गेला. त्याला उपचार मिळाले नाहीत, हे दुःख त्यांना डॉक्टरकीकडे घेऊन गेलं. १८८३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एमडी झाल्या.

मात्र तिथेच तब्येत ढासळली. क्षयरोगाचा जंतू १८८२ मध्ये सापडला होता. पण एक्स-रे यायला १८९५ आणि स्ट्रेप्टोमायसिन यायला १९४३ उजाडणार होतं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वय अवघं २१.

आज क्षयरोग मणक्यात लपला असला, तरी अनेकदा मोठ्या ऑपरेशनशिवाय निदान होतं. सीटी स्कॅनवर जागा बघून सुईने नमुना काढतात. त्यात जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन हे औषध लागू पडेल का, हे जीन एक्स्पर्ट मशीन साधारण दोन तासांत सांगतं. सरकारी दवाखान्यात औषधं मोफत मिळतात.

आनंदीबाईंच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. म्हणून बरेच दिवस पाठ दुखत असेल, सोबत ताप असेल, वजन घटत असेल, तर दुखणं अंगावर काढू नका.