फाफेचा बाप कोण, माहितीये?

कॅन्टीनमधला हा वाद तुम्ही नक्की ऐकलाय. कदाचित सुरूही तुम्हीच केला असेल. कुठल्या पुस्तकावर, कुठल्या कॉमिकवर पिक्चर निघायला हवा? एक जण नागराज आणि डोगासाठी भांडतो. दुसरी म्हणते, आधी नारायण धारपांचा ‘समर्थ’ काढा, बाकीचं नंतर. तिसऱ्याच्या आजोबांनी त्याला ‘वीरधवल’ वाचायला लावलेलं असतं, त्याला तेच हवं असतं. चौथा हॅरी पॉटरच्या नव्या मालिकेवर तावातावाने बोलत असतो. २०२४ मध्ये ‘तुंबाड’ पुन्हा थिएटरला लागला आणि तरुण पोरांनी गर्दी केली, तेव्हापासून तर या वादाला आणखी धार आलीये. निगडी, आकुर्डी, चिंचवड, चाकण, कट्टा कुठलाही असो, चहा थंड होतो पण वाद थंड होत नाही.

या वादात एक नाव मात्र क्वचितच येतं. भास्कर रामचंद्र भागवत, म्हणजे भा. रा. भागवत. नाव ओळखीचं वाटत नसेल तर ‘फास्टर फेणे’ हे नाव घेऊन बघा. आठवलं ना? हे त्या फाफेचे जन्मदाते. ते २००१ मध्ये गेले. तुमच्यापैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. पण आपण आज ज्या प्रश्नावर भांडतो, त्यावर हा माणूस आयुष्यभर काम करत होता. त्याच्याकडे कॅमेरा नव्हता, कागद आणि शाई होती, एवढाच फरक.

शेंडेनक्षत्राच्या वर्षी

भागवतांचा जन्म ३१ मे १९१० चा, इंदूरचा. हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी एप्रिल-मे महिन्यात हॅलेचा धूमकेतू आकाशात नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. आपल्याकडे धूमकेतूला शेंडेनक्षत्र असंही म्हणायचे. शेंडी असलेलं नक्षत्र. पुढे याच भागवतांनी ज्यूल व्हर्नची एक कादंबरी मराठीत आणली, ज्यात काही माणसं एका धूमकेतूवर बसून सूर्यमालेची सफर करतात. मराठीत तिचं नाव ठेवलं ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. एसटीच्या पाटीवर किंवा पोस्टाच्या पत्त्यावर शोभेल असं हे नाव आहे. मुक्काम अमुक, पोस्ट तमुक, तसं मुक्काम शेंडेनक्षत्र. ज्या पोराने गावाबाहेर पाऊल टाकलेलं नाही, त्यालाही वाटावं की हे ठिकाण आपल्याला सापडेल.

तरुणपणी स्वातंत्र्याची चळवळ जोरात होती. १९४२ च्या चळवळीत भागवतही होते. पण पुढे त्यांचं नाव झालं ते मुलांसाठी लिहिण्याने. आणि तेही एकट्याने नाही. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत याही मुलांसाठी लिहिणाऱ्या. मोठ्यांसाठी लिहिलं की टीका होते, चर्चा होते, पुरस्कार मिळतात. मुलांसाठी लिहिलं की लोक म्हणतात, छान, वेळ बरा जातो. या घरात मात्र मुलांसाठी लिहिणं हे मुख्य काम होतं. पन्नासच्या दशकात भागवतांनी ‘बालमित्र’ नावाचं मुलांचं मासिक चालवलं. काही वर्षं ते चाललं आणि बंद पडलं. मासिक बंद पडलं तरी त्यांचं लिहिणं थांबलं नाही.

बाहेरची गोष्ट घरात आणणारा

आता थोडं फ्रान्सला जाऊन येऊ. ज्यूल व्हर्नने १८६५ मध्ये एक कादंबरी लिहिली. एक प्रचंड तोफ तयार करायची आणि तिच्या गोळ्यात माणसं बसवून चंद्राकडे उडवायचं, अशी गोष्ट. तोफ ठेवलेली फ्लोरिडात आणि गोळ्यात माणसं तीन. शंभरेक वर्षांनी, १९६९ मध्ये, अपोलो ११ फ्लोरिडातूनच उडालं आणि त्यातही तिघंच होते. आहे की नाही भारी?

पण त्याआधी १९०२ मध्ये जॉर्ज मेलियेस या फ्रेंच माणसाने व्हर्न आणि वेल्स यांच्या कल्पना उचलून चंद्रावरच्या सफरीचा एक मूकपट बनवला. चंद्राच्या डोळ्यात घुसलेलं यान तुम्ही कुठल्या ना कुठल्या पोस्टरवर पाहिलं असेलच. ते याच सिनेमातलं. म्हणजे ‘या पुस्तकावर पिक्चर काढा’ हा हट्ट सिनेमाच्याच वयाचा आहे.

मेलियेसने जे पडद्यावर केलं, ते भागवतांनी मराठीत केलं. व्हर्नची चंद्राची गोष्ट मराठीत ‘चंद्रावर स्वारी’ झाली. पृथ्वीच्या पोटातल्या प्रवासाची गोष्ट ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’ झाली. ही नावं एकदा मोठ्याने वाचा. स्वारी म्हटलं की आपल्याला शिवकाळ आठवतो, घोडे आणि किल्ले आठवतात. पाताळलोक म्हटलं की आजीच्या गोष्टी आठवतात. भागवतांनी व्हर्नचं विज्ञान काढून टाकलं नाही. फक्त आत शिरायचं दार असं बसवलं की मराठी पोराला उंबरठ्यावर ठेच लागू नये.

यालाच आपण अ‍ॅडाप्टेशन म्हणतो. आणि कट्ट्यावरच्या वादात आपण हेच विसरतो. आपण विचारतो, बजेट किती लागेल, व्हीएफएक्स जमेल का, हिरो कोण घ्यायचा. भागवतांपुढचा प्रश्न साधा होता: इथल्या मुलाला या गोष्टीत शिरता येईल का?

फुरसुंगीचा बन्या

मग त्यांनी स्वतःचा हिरो तयार केला. बनेश फेणे, लाडाने बन्या, जगासाठी फास्टर फेणे, आणि चाहत्यांसाठी नुसता फाफे. काडीसारखा बारीक, सायकलवर सुसाट, डोकं त्याहून सुसाट. काही सुचलं की तोंडातून ‘ट्टॉक’ असा आवाज काढणारा. शिकायला पुण्यातल्या विद्याभवनमध्ये. आणि गाव? फुरसुंगी.

इथे जरा थांबा. एखाद्या लेखकाला हिरो पुण्याचाच करायचा असता तर सदाशिव पेठ होती, डेक्कन होतं. भागवतांनी निवडलं हडपसरच्या पुढचं, शहराच्या कडेचं एक गाव. जिथला पोरगा पुण्यात शिकायला आला की वर्गात त्याच्या गावाच्या नावावरून दोन-चार जण हसणारच. आणि भागवतांनी त्याच पोराला सगळ्यात हुशार, सगळ्यात धीट केलं. चोर, विमानचोर, हेर, सगळ्यांना पुरून उरणारा.

आपल्या पट्ट्यातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला १९५४ मध्ये. नगरपालिका झाली १९७० मध्ये, महापालिका १९८२ मध्ये. त्याआधी भोसरी, चिखली, तळवडे, मोशी ही सगळी गावंच होती. चाकण तर आता-आता कारखान्यांनी भरलं. आजही इथून पुण्यातल्या एखाद्या नामांकित कॉलेजात जाणाऱ्याला ‘कुठून येतोस?’ या प्रश्नाचं उत्तर देताना एक क्षण अडखळायला होतं. फुरसुंगीचंही असंच झालं. २०१७ मध्ये ते गाव पुणे महापालिकेत गेलं, कचरा डेपोमुळे बातम्यांमध्ये येत राहिलं. पण मराठी वाचणाऱ्या घरांत फुरसुंगीची पहिली ओळख कचऱ्याची नाही, फाफेची आहे. एका लेखकाने एका गावाला दिलेली ही ओळख आहे.

फाफे गावात बसून राहिला नाही. पुस्तकांची नावं बघा: ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘गुलमर्गचं गूढ आणि फास्टर फेणे’, ‘चक्रीवादळात फास्टर फेणे’, ‘विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे’. प्रतापगडापासून काश्मीरपर्यंत सगळीकडे तो पोचतो. आणि एका पुस्तकाचं नाव तर आहे ‘जंगलपटात फुरसुंगीचा फास्टर फेणे’. जंगलपट म्हणजे जंगलातला सिनेमा. म्हणजे फाफेच्या डोक्यावर कॅमेरा फिरणार, हे त्याच्या बापाने कधीच लिहून ठेवलं होतं! एकूण वीस पुस्तकं झाली. शिवाय पुस्तकात नाक खुपसून बसणारा बिपिन बुकलवार हा त्यांचा आणखी एक हिरो. वाचणारा मुलगा हिरो होऊ शकतो हे तुमच्या आईबाबांच्या पिढीला त्याने दाखवलं.

चित्रातून पडद्यावर

कॉमिक्सवाल्यांनो, आता तुमच्यासाठी. फाफे कसा दिसतो, हे ठरवलं राम वाईरकर यांच्या चित्रांनी. हे तेच वाईरकर, ज्यांनी अमर चित्र कथेतला कृष्ण काढला आणि ‘टिंकल’मधला सुपंडी काढला. म्हणजे ज्या हाताने देशभरच्या मुलांना कृष्ण दिला, त्याच हाताने मराठी मुलांना फाफे दिला. कादंबरी आणि कॉमिक हे दोन वेगळे गट आहेत असं समजून आपण भांडतो, पण फाफेच्या पानावर ते दोघं शेजारीशेजारी बसलेले दिसतात.

ऐंशीच्या दशकात फाफे दूरदर्शनवर आला. मालिकेत फाफे झाला सुमीत राघवन. तेव्हा भागवत हयात होते. कागदावर केलेलं पोरगं पडद्यावर धावताना पाहणं सगळ्याच लेखकांच्या नशिबी येत नाही.

मोठा पडदा मात्र त्यांच्या माघारी आला. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये ‘फास्टर फेणे’ हा सिनेमा लागला. रितेश देशमुखच्या मुंबई फिल्म कंपनीचा, आदित्य सरपोतदारने दिग्दर्शित केलेला. हाच सरपोतदार पुढे ‘झोंबिवली’ आणि ‘मुंज्या’ घेऊन आला. म्हणजे आज आपण ज्याच्या भुताखेतांच्या पिक्चरवर चर्चा करतो, तो दिग्दर्शक फाफेच्या वाटेनेच पुढे गेलाय.

सिनेमाने एक धाडस केलं. हाफपँटमधला फाफे मोठा केला. अमेय वाघचा फाफे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात येतो आणि एका विद्यार्थ्याच्या मृत्यूमागचं परीक्षेचं रॅकेट उघडं पाडतो. त्यावरून तेव्हा दोन तट पडले, आणि आजही कट्ट्यावर विषय काढला की पडतात. एक गट म्हणतो, फाफेचं वय हाच फाफे आहे. बारा-तेरा वर्षांच्या पोराने मोठ्यांना हरवलं म्हणून तर मजा होती. तो मोठा झाला की उरतो एक हुशार तरुण, असे हिरो ढिगाने आहेत. दुसरा गट म्हणतो, पुस्तकं वाचलेली पोरं मोठी झाली, मग त्यांचा फाफे लहान कसा राहील? आणि प्रवेश परीक्षेचा ताण, पेपरफुटीची भीती हे आजच्या पोरांचं खरं जग आहे, त्यात फाफेला उभं केलं यात चूक काय?

दोन्ही बाजूंमध्ये दम आहे. पण व्हर्नच्या चंद्राला मराठी ‘स्वारी’ करणारा माणूस कुठल्या बाजूला उभा राहिला असता? मला तर वाटतं, दुसऱ्या. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोष्टी नव्या मुलांच्या मापाने बेतल्या, तो स्वतःची गोष्ट नव्याने बेतायला नाही म्हणाला नसता. अट एकच असती, गोष्टीचा जीव शाबूत हवा. कडेच्या गावातून आलेला पोरगा, डोकं शाबूत, भीती शून्य. तो जीव सिनेमात आहे.

आणि सिनेमाने आणखी एक गोष्ट केली, जी फार कमी अ‍ॅडाप्टेशन करतात. लेखकालाच गोष्टीत घेतलं. दिलीप प्रभावळकरांनी त्यात जे पात्र केलंय, त्याचं नाव आहे भा. रा. भागवत. फाफे पुण्यात ज्यांच्याकडे राहतो ते हेच आजोबा. लेखकाचं नाव श्रेयनामावलीत दोन सेकंद झळकून जातं, इथे तो घरात चालता-बोलता दिसतो.

मग वाद मिटला का?

नाही, आणि मिटूही नये. पण पुढच्या वेळी कट्ट्यावर हा वाद पेटला की भागवतांचा तो साधा प्रश्न टाकून बघा. ही गोष्ट पडद्यावर गेली तर मोशीतल्या, चिखलीतल्या, राजगुरुनगरहून एसटीने येणाऱ्या पोराला त्यात शिरता येईल का? ‘समर्थ’ला हा प्रश्न विचारा, डोगाला विचारा, ‘वीरधवल’लाही विचारा. काही नावं यादीत वर जातील, काही खाली येतील.

भागवतांच्याच कपाटात अजून पडद्यावर न आलेलं बरंच काही आहे. बिपिन बुकलवार आहे. फाफेची एकोणीस-वीस साहसं आहेत, ज्यातला एखादा हाफपँटमधला फाफे अ‍ॅनिमेशनमध्ये काय धमाल करेल, विचार करा. ही पुस्तकं दुकानात मिळतात, जुन्या वाचनालयांतही सापडतात. घरी आईबाबांच्या ट्रंकेत असण्याची शक्यताही बरीच. एक काढा, वाचा आणि मग कॅन्टीनमध्ये या भांडायला. निदान तुमच्या बाजूला वाचलेलं पुस्तक असेल. समोरच्याकडे बहुतेक वेळा फक्त ट्रेलर असतो.