छावणीतले अठरा रमजान

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने खाली उतरू लागले की पेण, नागोठणे, कोलाड, इंदापूर मागे टाकून माणगाव येते. या माणगावजवळच गांगवली नावाचे गाव आहे. १८ मे १६८२ रोजी या गावात छत्रपती संभाजी महाराज आणि येसूबाई यांना मुलगा झाला. आजोबांच्या नावावरून त्याचे नाव शिवाजी ठेवण्यात आले. इतिहास त्याला शाहू महाराज म्हणून ओळखतो. कोल्हापूरचे राजर्षी शाहू त्यांच्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी झाले. हे साताऱ्याचे थोरले शाहू.

मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांना क्रूरपणे ठार केले. तेव्हा हा मुलगा सात वर्षांचाही नव्हता. रायगडाला वेढा पडला होता. येसूबाईंनी त्या वेळी जो निर्णय घेतला त्याला तोड नाही. मुलाच्या नावाने गादीचा हट्ट न धरता त्यांनी दीर राजाराम महाराजांना गडाबाहेर काढले आणि स्वतः मुलाला घेऊन गडावर राहिल्या. राजाराम महाराज जिंजीला पोहोचले, राज्य वाचले. नोव्हेंबरमध्ये गड पडला आणि मायलेक बादशाही छावणीत कैदी म्हणून आले.

बादशाही छावणी म्हणजे चालते शहरच होते. हत्ती, बाजार, दफ्तरे, दरबार, मशीद, सगळे तंबूंतले. आज विजापूर, उद्या भीमाकाठची ब्रह्मपुरी. जिकडे बादशहा जाईल तिकडे हे शहर जाई. त्यात बादशहाच्या डेऱ्यांजवळच या मुलाचा तंबू असे. त्याला राजा हा किताब आणि सात हजारांची मनसब मिळाली. मानमरातब होता, पहारा मात्र कधी उठला नाही. शाहू या नावाबद्दल असे सांगतात की ते बादशहानेच दिले. साव, म्हणजे प्रामाणिक, असा त्याचा अर्थ लावतात.

त्या छावणीत एका बाईने या मुलाला जीव लावला. ती औरंगजेबाची मुलगी झीनत-उन्-निसा बेगम. तिने लग्न केले नव्हते. म्हाताऱ्या बापाचा घरसंसार तीच पाहत असे आणि बापाजवळ तिच्या शब्दाला वजन होते. येसूबाई आणि शाहू यांच्यावर तिची सावली राहिली. ज्याने बापाला मारले त्याच्याच लेकीच्या मायेत वाढायचे, हा पेच त्या मुलाने मनात कसा सोडवला असेल? माया खरी होती आणि कैदही खरी होती, एवढे मात्र त्याच्या पुढच्या वागण्यावरून दिसते.

१६९० ते १७०६ या काळात चंद्राच्या हिशेबाने अठरा रमजान येतात. ते सगळे त्याने छावणीत काढले. पहाटेची सहरी, दिवसभराचे रोजे, संध्याकाळी सुटणारा रोजा हे त्याच्या डोळ्यांसमोरचे रोजचे जगणे होते. आईने मात्र आपले देवधर्म, आपली भाषा, आपली माणसे मुलाला विसरू दिली नाहीत.

कसोटीचा प्रसंग १७०३ मध्ये आला. शाहूंना मुसलमान करावे असे बादशहाच्या मनात आले. शाहूंनी नकार दिला. बेगमेने मध्यस्थी केली आणि सेनापती प्रतापराव गुजरांची दोन मुले त्यांच्याऐवजी धर्मांतराला तयार झाली, असे इतिहासकार सांगतात. या गोष्टीला कितीही मुलामा दिला तरी ती जबरदस्तीच होती. दीनमध्ये सक्ती नाही हे कुराणाला धरून सांगणाऱ्यांनी हा प्रसंग झाकून ठेवू नये. त्या दोघांचे उपकार शाहू विसरले नाहीत. पुढे राज्यावर आल्यावर त्यांनी गुजरांच्या घराण्याला इनामे दिली.

छावणीतच बादशहाने शाहूंची लग्ने लावून दिली. एक मुलगी सिंदखेडच्या जाधवांची, दुसरी कण्हेरखेडच्या शिंद्यांची. १७०७ मध्ये, शेवटच्या रमजाननंतर दोन महिन्यांनी, औरंगजेब अहमदनगरला वारला. त्याचा मुलगा आजमशहा तख्तासाठी उत्तरेकडे निघाला. त्याने शाहूंनाही बरोबर नेले. भोपाळजवळच्या दोराहा येथे मे महिन्यात त्यांची सुटका झाली. शाहू परतले तर मराठ्यांत दुफळी माजेल, हा मोगलांचा हिशेब त्यामागे होता. किंमतही मोठी होती, कारण येसूबाईंना ओलीस ठेवून घेतले होते. पंचवीस वर्षांचा मुलगा दक्षिणेकडे वळला आणि आई दिल्लीच्या वाटेला लागली.

घरी परतणे सोपे असते असे ज्यांनी घर सोडलेले नाही त्यांनाच वाटते. शाहू आले तेव्हा त्यांना ओळखणारे थोडे होते. महाराणी ताराबाईंनी त्यांना तोतया ठरवले. ताराबाईंची बाजूही समजून घ्यावी लागते. नवऱ्यामागे सात वर्षे त्यांनी औरंगजेबाशी झुंज दिली होती आणि आता मोगलांच्या छावणीतून आलेला एक तरुण राज्य मागत होता. त्या वेळी परसोजी भोसल्यांनी शाहूंबरोबर एका ताटात जेवून हा खराच आपला राजा आहे याची ग्वाही दिली, असे सांगतात. मग एकेक सरदार येऊन मिळू लागला.

वाटेत पारद गावाशी चकमक झाली. त्यात गावचा लोखंडे पाटील पडला. त्याच्या विधवेने आपले लहान मूल आणून शाहूंच्या ओटीत घातले. बाप मारला गेला आणि मारणाऱ्याच्या दारात मूल आले, ही गोष्ट शाहूंना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यांनी ते मूल पोटच्या पोरासारखे वाढवले. तेच फत्तेसिंह भोसले, अक्कलकोट संस्थानचे मूळपुरुष.

वाटेत ते खुलदाबादला औरंगजेबाच्या कबरीवरही जाऊन आले. यावरून त्यांना तेव्हाही नावे ठेवली गेली असतील, आजही ठेवली जातात. पण त्याच माणसाने ऑक्टोबरमध्ये भीमाकाठी खेडची लढाई जिंकली आणि साताऱ्याला वेढा घातला. गडावर ताराबाईंच्या बाजूने शेख मिरा होते. त्यांची बायकामुले वाईला होती. ती शाहूंनी ताब्यात घेतली, तोफेच्या तोंडी देण्याची धमकी दिली आणि शेख मिरांनी गड दिला, अशी हकिकत आहे. ओलीस ठेवण्याची विद्या शाहू कोठे शिकले हे उघडच आहे. धमकी खरी करावी लागली नाही. शेख मिरांना पसरणीत इनाम मिळाले. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहूंना साताऱ्यात राज्याभिषेक झाला. हाच गड आठ वर्षांपूर्वी औरंगजेबाने जिंकला होता.

आईची सुटका व्हायला मात्र १७१९ साल उजाडावे लागले. पेशवे बाळाजी विश्वनाथ सय्यद हुसेन अलीबरोबर फौज घेऊन दिल्लीला गेले. हे बाळाजीही श्रीवर्धनचे, सिद्दीच्या जाचाने गाव सोडून घाटावर आलेले. त्यांनी चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या आणि येसूबाईंनाही आणले. जुलैमध्ये मायलेकांची भेट झाली तेव्हा मुलगा सदतीस वर्षांचा होता. येसूबाईंचे कैदेतले दिवस मोजले तर ते जवळपास तीस वर्षे भरतात.

झीनत-उन्-निसा बेगम १७२१ मध्ये दिल्लीत वारली. दर्यागंजमध्ये तिने बांधलेली मशीद आजही उभी आहे. साताऱ्यातही एक बेगम मशीद आहे. शाहू महाराजांनी ती या मानलेल्या आईच्या आठवणीसाठी बांधली असे तिथे सांगतात.

त्यांच्या हयातीत मराठी फौजा नर्मदेपार गेल्या. दिल्लीचे तख्त मोडू नये, हा मात्र त्यांचा आग्रह कायम राहिला. काहींना तो दुबळेपणा वाटला. ज्या रायगडावरून ते सातव्या वर्षी उतरले, तो सिद्दीच्या हातून स्वराज्यात परत आला १७३३ मध्ये. तेव्हा महाराज एक्कावन्न वर्षांचे होते.