उरळीचे मणिभाई आणि दाराशी बांधलेले आरोग्य

मार्च १९४६ मध्ये महात्मा गांधी पुण्याजवळच्या उरळी कांचन गावी आले ते दवाखाना काढण्यासाठी. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात त्यांनी हा प्रयोग आधी करून पाहिला होता. पण तिथे येणारे बहुतेक खाऊनपिऊन सुखी होते, आणि गांधींना हवा होता खेड्यातला गरीब रोगी. उरळीत तो मिळाला. मातीची पट्टी, कटिस्नान, ऊन, पथ्य आणि रामनाम असे उपचार सुरू झाले. आठवडाभरातच दिल्लीहून बोलावणे आले. स्वातंत्र्याच्या वाटाघाटींसाठी ब्रिटिश मंत्रिमंडळाचे शिष्टमंडळ भारतात पोचले होते. गांधी ३० मार्चला उरळीहून निघाले आणि मागे राहिला पंचविशीतला एक गुजराती तरुण.

मणिभाई देसाई यांचा जन्म २७ एप्रिल १९२० रोजी सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा गावी शेतकरी कुटुंबात झाला. विज्ञानाचे शिक्षण घेतलेला हा मुलगा बेचाळीसच्या चळवळीत उतरला आणि पुढे सेवाग्रामला गांधींकडे पोचला. आजन्म अविवाहित राहून उरळीतच देह ठेवायचा, असे त्यांनी ठरवले आणि ते अक्षरशः पाळले. गावाची भाषा त्यांची नव्हती. गावात दारू होती, कर्ज होते, चोऱ्यामाऱ्या होत्या आणि उघड्यावरची घाण होती. आश्रमाचा दवाखाना चालवता चालवता मणिभाईंना एक साधी अडचण दिसली. जुलाबाने खंगलेल्या रोग्याला ताक सांगणे सोपे असते. ताकासाठी दाराशी दुभते जनावर लागते. भाजी खा म्हणावे, तर परसात पाणी नाही. पथ्याची यादी गरिबाच्या घरात पाळताच येत नसेल, तर तो उपचार कागदावरचाच.

गांधींनाही हा धडा स्वतःच्या शरीरावर मिळालेला होता, आणि त्यातला एक तुकडा कर्जत तालुक्यातला आहे. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात आमांशाने ते मरणाच्या दारात गेले. हवापालटासाठी त्यांना माथेरानला नेले, पण तिथले जड पाणी मानवले नाही आणि आठवड्याच्या आतच खाली उतरावे लागले. मुंबईत डॉ. दलाल यांनी दुधाशिवाय शरीर भरून येणार नाही असे बजावले. गाई-म्हशीचे दूध न घेण्याचे व्रत होते. त्यातून कस्तुरबांनी शेळीच्या दुधाची वाट काढली. व्रताचा वाद बाजूला ठेवला, तरी डॉ. दलालांचे निदान बरोबर होते. एक लिटर गाईच्या दुधातून सुमारे ३२ ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने आणि १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. शिवाय बी-१२ हे जीवनसत्त्व डाळ-भाताच्या ताटात नसतेच. ते दूध, अंडी, मांस, मासे यांतूनच येते.

मणिभाईंनी आश्रमात गीर गाईंची गोशाळा उभी केली. सोबत शाळा, शेती, सहकार अशी कामे वाढत गेली. गोशाळेत चांगला चारा, स्वच्छ गोठा आणि निवडक वळू यांच्या जोरावर दूध वाढले. पण आश्रमातली गाय आणि भूमिहीनाच्या झोपडीपुढची गाय यांत अंतर होते. खेड्यातली सर्वसाधारण गावठी गाय दिवसाला दीड-दोन लिटर द्यायची, तेही वर्षातले काही महिने. अशी गाय घराला पोसत नाही, घरच तिला पोसते. १९६७ मध्ये मणिभाईंनी भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजे आजची बाएफ, स्थापन केली आणि देशी गाईंचा जर्सी व होल्स्टीन वळूंशी संकर करण्याचे काम हाती घेतले.

गांधींच्या माणसाने हे करावे, याचा अनेकांना धक्का बसला. गोसेवा म्हणजे देशी गोवंशाचे रक्षण, असे मानणाऱ्यांना हे बाटवणेच वाटले. मणिभाईंचा हिशेब वेगळा होता. जी गाय कुटुंबाचे पोट भरते, तीच गोठ्यात राहते. भाकड ठरलेली शेवटी बाजाराची वाट धरते, मग तिच्या गळ्यात कितीही हार घातलेले असोत.

या कामातले विज्ञान दिसायला साधे आहे. वळूचे वीर्य बारीक नळ्यांत भरून द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला वर्षानुवर्षे टिकते. अडचण असते वेळेची. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते आणि हा काळ जेमतेम अर्धा-पाऊण दिवसाचा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळपर्यंत रेतन व्हावे लागते. सरकारी दवाखाना दहा मैलांवर असेल, तर गाय चालवत नेण्यात दिवस जातो, मजुरी बुडते आणि गर्भ राहत नाही. म्हणून बाएफने तंत्रज्ञ गाईच्या दारी पाठवला. या एका बदलाला तितकेच श्रेय दिले पाहिजे जितके परदेशी वळूला. नऊ महिने नऊ दिवसांनी कालवड जन्मली आणि नीट वाढली, की पुढे तीच आठ-दहा लिटर दूध देऊ शकते.

मात्र संकरित गाय ही फुकटची लक्ष्मी नव्हे. तिला उन्हाचा त्रास होतो, गोचीड ताप आणि कासेचा दाह चटकन होतो, चारा-पाणी भरपूर लागते. ते डोक्यावरून आणण्याचे काम बहुधा घरातल्या बाईच्याच वाट्याला येते. संकरित गोऱ्ह्यांचे करायचे काय, हा प्रश्नही राहिलाच. चाऱ्यासाठी मणिभाईंनी सुबाभळीचा मोठा प्रसार केला. तिचा पाला प्रथिनांनी समृद्ध, पण त्यात मिमोसिन नावाचे विष असते. एकूण चाऱ्यात तो एक-तृतीयांशापेक्षा जास्त झाला, तर जनावराचे केस गळतात, अंग धरत नाही. पुढे बाएफने देशी वंशांच्या जतनाचेही काम घेतले, हे बरेच झाले.

१९६८ मध्ये पद्मश्री आणि १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच १९८२ साली दक्षिण गुजरातेतल्या वांसदा भागात त्यांच्या संस्थेने आदिवासी कुटुंबांबरोबर वाडीचा प्रयोग सुरू केला. आरोग्याच्या दृष्टीने मणिभाईंचे हे सर्वांत मोलाचे काम म्हणावे लागेल. एका कुटुंबाची साधारण एक एकर पडीक, उताराची जमीन घ्यायची. तिथे आंबा, काजू लावायचे, बांधावर जळण-चाऱ्याची झाडे, आणि फळे येईपर्यंतची वर्षे ओळींच्या मधल्या जागेत भाजी, कडधान्य. माती अडवायची, पाणी साठवायचे. जोडीला पिण्याचे स्वच्छ पाणी आणि घरातल्या आरोग्याची काळजी. कुटुंब जमिनीपाशी थांबले, की मूल शाळेत आणि लसीकरणाच्या यादीत राहते; ते स्थलांतराबरोबर हरवत नाही.

मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी कर्जत सोडून पळसदरीवरून घाटाला लागते आणि तोच मार्ग पुढे उरळीला जातो. पण पळसदरीची जमीन उरळीपेक्षा वांसद्याला जवळची: चार महिने कोसळणारा पाऊस, उताराची वरकस, आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघणारी कातकरी कुटुंबे. इथे वाडी म्हणजे ठाकरांची किंवा कातकऱ्यांची वस्ती. मणिभाईंच्या गुजरातीत वाडी म्हणजे बाग. दोन्ही अर्थ एका जागी आणणे अशक्य नाही. कर्जत-खालापूरच्या परसात होल्स्टीन गाय बांधण्याची गरजही नाही. दहा गावठी कोंबड्या, दोन शेळ्या, दाराशी शेवगा, मांडवावर दोडका आणि काकडी, मोरीच्या पाण्यावर अळू आणि एक पेरूचे झाड इतके असले, तरी लहान मुलाच्या ताटात फरक पडतो. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात. पालेभाजीतले लोह अंगी लागायला पेरूतले क जीवनसत्त्व मदत करते. घोटाळा एवढाच, की अंडी आणि दूध विकून चहा-साखर आणली, तर परस असूनही मूल अशक्तच राहते.

जनावरांबरोबर रोगही घरात येतात. कोंबड्यांना मानमोडीची आणि शेळ्यांना पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस दिली नाही, तर भांडवल एका आठवड्यात संपते. गाभडलेल्या शेळीची किंवा गाईची वार उघड्या हाताने ओढणे आणि दूध कच्चे पिणे, यातून ब्रुसेलोसिस होतो. येणारा-जाणारा ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी असे त्याचे रूप; तो टायफॉइड समजून महिनोन्महिने भलतेच औषध चालते. योग्य प्रतिजैविके सहा आठवडे घेतली, तर बरा होतो. तापाच्या रोग्याने घरी जनावर असल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगावे. पावसाळ्यात गोठ्यातल्या चिखलात अनवाणी वावरणाऱ्याला लेप्टोचाही धोका असतो.

मणिभाई १४ नोव्हेंबर १९९३ रोजी गेले. पंचविशीत घेतलेला शब्द त्यांनी ४७ वर्षे पाळला. त्यानंतर बाएफच्याच मित्र या संस्थेने जव्हारच्या डोंगरात वाड्या उभ्या केल्या, आणि नाबार्डने आदिवासी विकास निधीतून हाच नमुना देशातल्या अनेक राज्यांत नेला. उरळीचा आश्रम आजही चालू आहे. तिथे रोग्यांना मातीच्या पट्ट्या बांधतात, आणि गोशाळेत गीर गाई आहेत.