कल्याणजी वीरजी शहा : विजेच्या पेटीतून पुंगी वाजविणारे कलावंत

विद्यार्थी मित्रांनो, पूर्वी आपल्या हैदराबादेच्या गल्लीबोळांतून गारुड्याची पुंगी ऐकू आली की लहानथोरांची पावले आपोआप थबकत. १९५४ साली ‘नागिन’ हा हिंदी चित्रपट प्रसिद्ध झाला आणि तीच पुंगी घराघरांत शिरली. सुलतान बाजारात किंवा काचीगुड्यात ज्यांचे बालपण गेले, अशा आपल्या आजी-आजोबांना विचारून पाहा. ती धून त्यांच्या कानांत अजून असेल. परंतु ती पुंगीवर नव्हे, तर विजेवर चालणाऱ्या एका लहानशा पेटीवर वाजविली गेली होती, हे त्यांतील कित्येकांना ठाऊक नसेल. ती वाजविणारे कलावंत म्हणजे कल्याणजी वीरजी शहा.

कल्याणजींचा जन्म ३० जून १९२८ रोजी कच्छमधील कुंदरोडी या गावी झाला. पुढे हे कुटुंब मुंबईस आले व गिरगावात त्यांच्या वडिलांनी किराणा मालाचे दुकान थाटले. मराठी आणि गुजराती शेजाराच्या त्या वस्तीत कल्याणजी व त्यांचे धाकटे बंधू आनंदजी वाढले. दुकानाची उधारी फेडणे अशक्य झालेल्या एका गिऱ्हाइकाने पैशांच्या बदली या मुलांना संगीताचे धडे दिले, अशी आठवण सांगितली जाते. ती उधारी बुडाली नाही. ती व्याजासह वसूल झाली, असेच म्हटले पाहिजे.

त्या काळी क्लॅव्हिओलिन नावाचे एक नवे वाद्य परदेशातून आपल्याकडे आले. कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच संशोधकाने ते १९४७ च्या सुमारास तयार केले होते. त्यात ना तार, ना भाता. काचेच्या निर्वात नळ्यांच्या साहाय्याने विजेची कंपने निर्माण होत आणि ध्वनिक्षेपकातून त्यांचा स्वर उमटे. पट्टी दाबून धरावी तोवर स्वर अखंड टिके. मात्र एका वेळी एकच स्वर वाजे. पेटीवर अनेक स्वर एकत्र वाजविणाऱ्यास ही उणीव वाटावी; परंतु पुंगीची धूनही एकेका स्वराने आणि श्वास न तुटता पुढे सरकते. वाद्याची उणीवच येथे गुण ठरली! हे ज्या कानाने हेरले, त्या कानाचे मोल यंत्राहून मोठे होय.

हेमंतकुमार हे ‘नागिन’चे संगीतकार. त्यांच्या चालींसाठी कल्याणजींनी क्लॅव्हिओलिनवर पुंगीचा भास उभा केला व पुढे संगीतकार म्हणून नावारूपास आलेल्या रवि यांनी हार्मोनियमची साथ केली. हे काम सोपे नव्हते. पुंगीचा नाद सर्वांच्याच ओळखीचा. नक्कल तिळभर उणी पडली असती, तर प्रेक्षकांनी पहिल्याच खेळाला ती पकडली असती. श्रोत्यांनी ती खरी मानली. हेमंतकुमारांना या चित्रपटासाठी फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. वाजविणाऱ्याचे नाव मात्र पुष्कळ काळ पडद्याआडच राहिले.

कल्याणजी तेथेच थांबले नाहीत. दोघा बंधूंनी ‘कल्याणजी वीरजी अँड पार्टी’ हा वाद्यवृंद काढून ठिकठिकाणी कार्यक्रम केले. अशा कार्यक्रमांत श्रोत्यांचा कौल तत्काळ मिळतो. रंगलेल्या चालीला टाळ्या पडतात, फसलेल्या चालीला शांतता. १९५८ साली ‘सम्राट चंद्रगुप्त’ या चित्रपटाने कल्याणजी संगीतकार झाले व पुढे आनंदजींसह ही जोडी देशभर गाजली. १९६८ च्या ‘सरस्वतीचंद्र’ या चित्रपटास संगीतासाठी राष्ट्रीय पारितोषिक लाभले आणि १९९२ साली उभय बंधूंना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

उतारवयात कल्याणजींनी ‘लिटल वंडर्स’ या बालकलावंतांच्या पथकाद्वारे मुलांना गाण्याची तालीम दिली. सुनिधी चौहान यांच्यासारख्या गायिका त्यांच्याच हाताखाली तयार झाल्या. ज्याने आयुष्यभर श्रोत्यांचा कौल घेतला, तोच आता मुलांचे गाणे ऐकून त्यांना वळण लावणारा श्रोता झाला. २४ ऑगस्ट २००० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, आज घरच्या संगणकावर पुंगीच काय, शंभर वाद्यांचे नाद एका कळीसरशी निघतात. तुमच्यापैकी काहीजण घरबसल्या अशा धुना रचीतही असतील. त्यांनी एवढेच ध्यानी धरावे : यंत्र नाद देते, संगीत देत नाही. आपली धून जाणत्या माणसास ऐकवावी, त्याने दाखविलेला दोष मनास न लावून घेता कानास लावून घ्यावा आणि पुन्हा वाजवून पाहावी. गिरगावातील दुकानदाराच्या त्या मुलाने विजेच्या निर्जीव पेटीतून नागास डोलविणारा सूर काढला, तो तिच्या गुणदोषांकडे कान देऊनच.