चौथीच्या धड्यामागचे हरिभाऊ

महाराष्ट्रातील शाळांत इयत्ता चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकातून तानाजी मालुसरे यांच्या बलिदानाचा धडा अनेक पिढ्यांनी वाचला. त्या धड्याचे ‘गड आला, पण सिंह गेला’ हे शीर्षक एका कादंबरीचेही नाव आहे, याची कल्पना त्या वयात फार थोड्यांना असते. ही कादंबरी लिहिणारे हरी नारायण आपटे यांनीच मराठी वाचकाला ऐतिहासिक कादंबरीची खरी गोडी लावली. त्यांच्या आधी, १८७१ मध्ये, रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ प्रसिद्ध झाली होती. परंतु घराघरांत पोहोचले ते हरिभाऊच.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. आईचे छत्र लहानपणीच हरपले. चुलत्यांच्या आधाराने मुंबईत आणि पुढे पुण्यात त्यांचे शिक्षण झाले. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांना चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांच्यासारखे शिक्षक लाभले. १८८२ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे निधन झाले, तेव्हा या विद्यार्थ्याने ‘शिष्यजनविलाप’ ही विलापिका लिहिली. महाविद्यालयात मात्र गणित आडवे आले आणि पदवी मिळाली नाही. चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी संस्कृत ग्रंथांच्या जतनासाठी स्थापन केलेल्या आनंदाश्रम संस्थेची व्यवस्था हरिभाऊंनी सांभाळली आणि लेखन चालू ठेवले.

१८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले. मनोरंजनाबरोबर घरातल्या सर्वांना काही ज्ञान मिळावे, हा त्यामागचा हेतू होता. त्यांच्या बहुतेक कादंबऱ्या याच पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाल्या. केशवपनाच्या रूढीने होरपळलेल्या यमूची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही त्यांपैकीच एक. त्याच लेखणीतून ‘उषःकाल’ही उतरली. विजापूरच्या चाकरीशी एकनिष्ठ असलेला पिता आणि स्वराज्याकडे ओढला जाणारा पुत्र यांच्यातील ताण तिच्यात आहे. समाजसुधारणा आणि इतिहास हे हरिभाऊंचे दोन वेगळे संसार नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी १९०३ च्या सुमाराची. तोवर इतिहासाची साधने नुकतीच छापली जाऊ लागली होती. ऐतिहासिक पोवाड्यांचा अॅक्वर्थ व शाळिग्राम यांचा संग्रह १८९१ चा, तर राजवाड्यांचा साधनांचा पहिला खंड १८९८ चा. १६६५ च्या पुरंदरच्या तहात कोंढाणा मोगलांकडे गेला. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजींनी तो जिंकला आणि तेथेच प्राण दिले. किल्लेदार उदयभानूही त्या लढाईत पडला. एवढा भाग इतिहासाचा. रायबाचे लग्न बाजूला ठेवून निघालेला पिता आणि कड्यावर चढणारी घोरपड ही शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्याची देणगी. उदयभानूच्या तावडीत सापडलेली रजपूत विधवा कमलकुमारी ही मात्र कादंबरीकाराची निर्मिती. यमूचे दुःख लिहिणाऱ्या लेखकाला युद्धकथेतही एक विधवा दिसावी, यात नवल नाही.

शीर्षकाचीही अशीच कथा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासद बखरीत महाराजांचा शोक नोंदविलेला आहे. परंतु तेथे गड मिळाला आणि गडच गेला, असा भाव आहे. सिंह तेथे नाही. इतकेच नव्हे, तर सिंहगड हे नाव या लढाईच्या आधीच्या, १६६३ मधील पत्रातही आढळते. म्हणजे तानाजींच्या मृत्यूमुळे गडाला हे नाव मिळाले, ही समजूत टिकत नाही. तानाजींचे शौर्य यामुळे उणे होत नाही.

नऊ-दहा वर्षांच्या मुलांना हे कसे सांगावे, हा प्रश्न शिक्षकांपुढे असतो. घोरपड खोटी म्हणून गोष्टच काढून टाकली, तर वर्गाचा रस जातो. सारेच खरे म्हणून सांगितले, तर पुढे मोठेपणी विश्वास जातो. बखर, पोवाडा आणि कादंबरी यांतील तोच प्रसंग मुलांपुढे शेजारी शेजारी ठेवणे, आणि हे कोणी व केव्हा लिहिले, त्याला कसे कळले, असे विचारू देणे, हा मार्ग अधिक बरा. कमलकुमारी कोठून आली, हे शोधताना मुले खट्याळपणे का होईना, साधनांपर्यंत पोहोचतात. हरिभाऊंनी कादंबरी म्हणूनच लिहिली होती. तिला इतिहासाचे पुस्तक मानले ते वाचकांनी.

हरिभाऊंनी पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविले. १९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. सुमारे सत्तावीस वर्षे चालविलेले ‘करमणूक’ १९१७ मध्ये बंद पडले. ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यानंतर चारच वर्षांनी, १९२३ मध्ये, बाबूराव पेंटर यांनी याच कादंबरीवरून ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. १९३३ मध्ये प्रभातसाठी व्ही. शांताराम यांनी त्याच नावाचा बोलपट केला, आणि तानाजींबरोबर कमलकुमारीही पडद्यावर बोलू लागली.