वैमानिकांना करार मिळवून देणारे डेव्हिड बेन्के

अमेरिकेतील नागरी विमानसेवेच्या आरंभकाळात वैमानिकांच्या वाट्याला कौतुक भरपूर येई. वेतनाची आणि कामाच्या तासांची शाश्वती मात्र नसे. ही स्थिती पालटण्यासाठी झटलेले डेव्हिड बेन्के १८९७ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात जन्मले. लष्करातील सेवेनंतर ते व्यावसायिक वैमानिक झाले.

१९३१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली शिकागोत एअर लाइन पायलट्स असोसिएशन ही संघटना स्थापन झाली. पुढच्याच वर्षी तिची कसोटी लागली. सेंच्युरी एअरलाइन्सचे मालक ई. एल. कॉर्ड यांनी वैमानिकांचे मासिक वेतन ३५० डॉलरवरून १५० डॉलरवर आणण्याचे ठरविले. नकार देणाऱ्यांना बाहेर ठेवून त्यांच्या जागी कमी वेतनावर दुसरे वैमानिक नेमले. बेन्के यांनी हा वाद थेट अमेरिकी काँग्रेसपर्यंत नेला. त्याच वर्षी कॉर्ड यांनी ती विमानसेवा विकून टाकली.

१९३४ मध्ये राष्ट्रीय श्रम मंडळाच्या ८३ व्या निर्णयाने उड्डाणावर महिन्याला ८५ तासांची मर्यादा घातली. १९३६ मध्ये रेल्वे श्रम कायदा विमान कंपन्यांना लागू होऊन सामूहिक वाटाघाटींना कायद्याचा आधार मिळाला. १९३९ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सशी संघटनेचा पहिला करार झाला.

पुढे सारी सूत्रे स्वतःकडेच ठेवण्याची त्यांची वृत्ती सहकाऱ्यांना जाचू लागली. १९५१ मध्ये संघटनेनेच त्यांना अध्यक्षपदावरून दूर केले. १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले. मोठ्या कंपन्यांची उड्डाणे कमी वेतनाच्या कंपन्यांकडे सोपविण्यावरून आज वाद होतात, तेव्हा वैमानिक अशाच सामूहिक करारांच्या बळावर उभे राहतात.