तुकोबांच्या पुलावरून गेलेले टिळक



दिंडीच्या शंभर वर्षांच्या पुस्तकात ख्रिस्ती माणसाचं चरित्र कशाला, असं काही माळकरी म्हणतील. बैठकीत म्हटलंच. तरी मी लिहितो आहे. शिक्षण चौथी, तेव्हा चुकलंमाकलं पदरात घ्यावं.

हे टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत. हे नारायण वामन टिळक. जन्म ६ डिसेंबर १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव. आई देवभक्त, स्वतः कवनं करायची. ती लवकर गेली अन् पोरगा घर सोडून नाशिकला आला. तिथं संस्कृत शिकला. लग्न झालं जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी. माहेरची मनकर्णिका, सासरी लक्ष्मी.

माणूस मोठा कवी, पण संसारात पाय ठरत नव्हता. रागीट लई. आज इथं नोकरी, उद्या तिथं. हातात आलेलं दुसऱ्याला देऊन टाकायचं अन् घरात चूल थंड. बायकोला न सांगता उठून जायचं. त्याला कारण होतं. देव हवा होता, पण जातीपातीच्या कुंपणात सापडत नव्हता. आपणच एक नवा धर्म काढावा, असंही एकदा त्यांच्या मनात आलं होतं.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक गोरा माणूस भेटला. त्यानं कवितेच्या गोष्टी केल्या अन् उतरताना नवा करार हातात दिला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही तो सांगून गेला. टिळकांनी पुस्तक उघडलं, ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन थांबले. वैऱ्यावर प्रेम करा, देवाला बाप म्हणा, अशी तिथली शिकवण. ज्याला शोधत होतो तो हाच, असं त्यांना वाटलं. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथं लक्ष्मीबाईंचं सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. पदरात लहान दत्तू. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. लोकांची बोलणी खाल्ली, रडून दिवस काढले. काही काळ आपल्या पंढरपुरातही त्यांचा गेला. टिळकांना देव गवसला खरा, पण त्याची किंमत पहिल्यांदा या बाईनं भरली. कीर्तनात संतांचा त्याग सांगताना आम्ही त्यांच्या बायकांना दोन वाक्यांत उरकतो, ते बरं नाही. चार-पाच वर्षांनी त्या नवऱ्याकडं नगरला आल्या. आधी सोवळं वेगळं, स्वयंपाक वेगळा. मग देवानं माणसात जात केली असेल का, याचा विचार करत करत एक दिवस ठरवलं, की कुणाच्याही हातचं खाईन. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यानं ओढून नाही, स्वतःच्या मनानं.

टिळकांनी कपडा बदलला, पण जीभ बदलली नाही. देवळात तेव्हा इंग्रजी चालीवरची भाषांतरं चालायची. यांनी ख्रिस्ताला मराठीत आणलं. अभंग लिहिले, भजनं लिहिली, कीर्तनं केली. वारकरी विठ्ठलाला आई म्हणतो, तसं हे ख्रिस्ताला आई म्हणू लागले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो, असं ते उघड सांगायचे. पूल कुणाचा ते विसरले नाहीत. नगर भागातल्या ख्रिस्ती मंडळींची त्यांची भजनं मी कानानं ऐकली आहेत. टाळ तोच, पेटी तीच. डोळे मिटून ऐकलं तर आपलाच मुक्काम वाटावा.

पण मला खरा टिळक दिसतो तो १९१७ सालचा. बावीस वर्षं मिशनमध्ये काढलेली, पगार चालू, नाव झालेलं. पंचावन्नी गाठली होती. तेव्हा त्यांनी मिशन सोडलं, पगार सोडला अन् साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. ख्रिस्ताचं नाव घेणारा कुणीही यावा, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. वहीत नाव लागलं म्हणजे ख्रिस्त भेटला, असं ते धरत नव्हते. त्याच्याशी रोजचं बोलणं पाहिजे, भांडण पाहिजे, रुसवा पाहिजे. आपल्यात तरी काय वेगळं आहे? माळ घातली म्हणून पांडुरंग भेटला, असं होत नाही. हे वाचलं तेव्हा मला माझीच लाज वाटली. वीस वर्षं मी बिदागी ठरवल्याशिवाय कीर्तनाला उभा राहिलो नव्हतो. एकदा पैशावरून गावच्या सप्त्यातून तसाच परत आलो होतो. आता ठरवत नाही. मिळेल ते घेतो, नाही मिळालं तर भाकरी खाऊन येतो.

दरबार दोन वर्षंच चालवायला मिळाला. ९ मे १९१९ला मुंबईत टिळक गेले.

ख्रिस्ताचं चरित्र ओवीत लिहायला त्यांनी घेतलं होतं, 'ख्रिस्तायन' नाव. दहाएक अध्याय झाले अन् राहिलं. पुढचे साठाहून जास्त अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. अक्षर तिला नवऱ्यानंच शिकवलं होतं.